अठरा बाटल्या आणि आंग अंकलची टाकी

संडास स्वच्छ असला पाहिजे, एवढीच मनोहर चांदोरकरांची अट होती. आता ही काय जगावेगळी अट झाली? बाकी सगळं त्यांनी चालवून घेतलं होतं. राहायला बंगला नाही, चाकांवरची जुनी कॅरॅव्हॅन, चालेल. एसी खडखडतो, चालेल. बाहेर बेडूक आणि आत डास, तेही चालेल. पण सकाळी उठून माणूस जिथं पहिल्यांदा जातो तिथं त्याचं मन प्रसन्न झालं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा टाकलं होतं. त्या एका मतापायी पुढच्या तेरा दिवसांत चांगल्या शिकल्यासवरलेल्या, टाय लावून ऑफिसला जाणाऱ्या मराठी माणसांवर जी काही वेळ आली, ती आठवली की आजही अंगावर काटा येतो. शिव शिव! तरी सांगतो.

साल दोन हजार सोळा. त्या वर्षी सिंगापूरचा राष्ट्रीय दिन मंगळवारी आला आणि श्रावणातला पहिला मंगळवारही नेमका तोच. मनोहररावांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये निशिकांत पेंडसे नावाचे आयटीवाले मॅनेजर राहतात. त्यांच्या धाकट्या भावाची बायको, मीनल, लग्न होऊन नुकतीच आली होती. तिची पहिली मंगळागौर करायची कुठं? बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये वीस बायकांनी झिम्मा-फुगडी सुरू केली असती तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी थेट पोलिसांनाच फोन लावला असता. तेव्हा मनोहरराव पुढं सरसावले आणि म्हणाले, "माझ्यावर सोडा." हे दोन शब्द आजवर ज्यांनी ज्यांनी उच्चारले त्यांचं पुढं काय झालं, हे एकदा कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

क्रांजीच्या शेतांकडे आंग नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या जागेत अशा नऊ कॅरॅव्हॅन भाड्यानं मिळत. शनिवार ते मंगळवार नऊ बिऱ्हाडांनी तिथं राहायचं आणि नागपंचमी, श्रावणी सोमवार, मंगळागौर असं सगळं ओळीनं हिरवळीवर साजरं करायचं, असा बेत ठरला. सोमवारची मोठ्यांनी रजा टाकली. मुलांना सोमवारी ताप येणार, हे शुक्रवारीच नक्की झालं होतं.

आंग अंकल चौऱ्याहत्तर वर्षांचे. अर्धी चड्डी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि बोलणं मोजून मापून, तेही तिथल्या तोडक्या इंग्रजीत. तीस वर्षांत एकेक करत त्यांनी या कॅरॅव्हॅन गोळा केल्या होत्या. आता चाकं मातीत रुतलेली आणि टपावर वेल चढलेले. शहराची ड्रेनेज लाइन त्या शेतांपर्यंत आलेली नव्हती. नऊही संडासांचं पाणी जमिनीखालच्या एका टाकीत जायचं आणि शेजारच्या पत्र्याच्या खोपटातलं एक यंत्र दिवसरात्र भुणभुणत त्या टाकीत हवा सोडायचं. टाकीतून चरात पडणारं पाणी इतकं नितळ असायचं की त्यात बारके मासे फिरत. हे सगळं म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं होतं.

"टॉयलेट आय ऑलरेडी क्लीन," अंकल आल्या आल्या म्हणाले. "यू ऑल डोन्ट क्लीन, ओके? मंडे ऑफिसर कमिंग, चेक टँक. पास, लायसन्स कॅन रिन्यू. नो पास, फिनिश लोर."

"ओके, ओके, कॅन," मनोहरराव म्हणाले.

आता इथं घोळ कसा झाला बघा. आपल्याकडे यजमानीण "राहू द्या हो, तुम्ही कशाला?" म्हणाली की पाहुण्यानं ताट विसळायचंच असतं. न विसळता उठला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मनोहररावांनी अंकलचं बोलणं त्याच खात्यात टाकलं. त्यांची तेरा वर्षांची लेक अवनी मात्र जन्मानं नि शाळेनं तिथलीच. ती म्हणाली, "बाबा, अंकल सेड डोन्ट क्लीन, वॉट." तिला आत जाऊन सामान लावायला सांगण्यात आलं.

दोन मिनिटांत आतून स्मिताताईंचा आवाज आला. "अहो."

एवढंच. पण एकोणीस वर्षांच्या संसारात मनोहरराव त्या 'अहो'चे सगळे प्रकार ओळखून होते. हा प्रकार लग्नात आहेर चुकला तेव्हाचा होता. ते धावले. स्मिताताई संडासाच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या होत्या आणि बोटानं दाखवत होत्या. भांड्याच्या आत पाण्याच्या रेषेवर एक पिवळसर वर्तुळ होतं. वास नव्हता, घाण नव्हती, पण वर्तुळ होतं.

"यात मी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "सणासुदीचे दिवस आहेत. सोवळ्याओवळ्याचं सोडा, माणसासारखं तरी राहायचं की नाही?"

बातमी नऊही कॅरॅव्हॅनमध्ये पसरली आणि नऊही भांड्यांत वर्तुळं सापडली. मनोहरराव गाडी काढून सुपरमार्केटला गेले आणि ब्लीचच्या अठरा बाटल्या घेऊन आले, घरटी दोन. मग काय विचारता! बायकांनी पदर खोचले, पुरुषांनी बादल्या वाहिल्या. ब्लीच ओतून, घासून, पुन्हा ओतून, वर कपडे धुण्याची पावडर टाकून दोन तासांत नऊ संडास असे पांढरे झाले की आत जाताना चपला बाहेर काढाव्याशा वाटाव्यात. निशिकांतनी आधीचे आणि नंतरचे फोटो ग्रुपवर टाकले. सत्तावीस अंगठे आले.

आणि आता सांगायची गोष्ट ही, की मनोहर चांदोरकर हे मरीन इंजिनिअर. बावीस वर्षं बोटीवर काढली, चीफ इंजिनिअर म्हणून उतरले आणि आता हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत बसून दुसऱ्यांच्या बोटींची यंत्रं तपासतात. घरात दिवा बदलायचा असला तरी ते "बावीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलीत मी" असं म्हणून मगच स्टुलावर चढतात. हे ध्यानात असू द्या. मला तर हे आठवून अजून घाम फुटतो.

रविवार उजाडला. नागपंचमी. सुमित्राकाकूंनी, म्हणजे पुण्याहून सून बघायला आलेल्या निशिकांतच्या आईंनी, पाटावर चंदनाचा नाग काढला होता. दूध-लाह्या ठेवल्या होत्या. पुरणाची दिंडं उकडत होती. इतक्यात सहा नंबरच्या कॅरॅव्हॅनमधून किंकाळी आली. संडासातून गुडगुड आवाज येत होता आणि भांड्यातून फुगे वर येत होते. तेवढ्यात हिरवळीच्या मधोमध, जमिनीतून वर आलेल्या पाइपाच्या तोंडातून पांढरा फेस बाहेर पडायला लागला. आधी वाटीभर, मग पातेलंभर, मग उतू जाणाऱ्या दुधासारखा भसाभसा. चरातलं पाणी दुधी झालं आणि मासे उलटे तरंगायला लागले. वास तर असा सुटला की नागोबासुद्धा पाटावरून उठून गेले असते.

आंग अंकल धावत आले, फेसाकडे बघितलं आणि मटकन खाली बसले.

"थर्टी इयर," एवढंच ते म्हणाले.

"कुणी घाबरू नका," मनोहरराव म्हणाले. "बावीस वर्षं..."

"कळलं, कळलं," निशिकांत म्हणाले. "पण करायचं काय ते बोला."

मनोहररावांनी खोपटात जाऊन यंत्राला कान लावला आणि निदान केलं: हवा कमी पडते आहे. अंकल "नो, नो" म्हणेपर्यंत त्यांनी चक्री पुरी फिरवून टाकली. अरे देवा! पाइपातून फेसाचा जो लोट उठला तो थेट सात नंबरच्या दारात वाळत घातलेल्या पैठणीवर. ती पैठणी मीनलची, मंगळागौरीसाठी माहेरून आलेली. मीनल काही बोलली नाही. नव्या सुनेचं न बोलणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

मग सल्ल्यांना ऊत आला. सुमित्राकाकूंचे यजमान हेमचंद्रकाका, त्यांच्या कोथरूडच्या बंगल्यात एकोणऐंशी सालापासून सेप्टिक टँक. ते खुर्ची ओढून मधोमध बसले. "टाकीतले जंतू मंदावलेत," त्यांनी निकाल दिला. "शेण हवं."

"सिंगापुरात शेण कुठून आणू, काका?"

"मग ताक. गूळ घालून. आमच्याकडे रामबाण."

पुढचं दृश्य बघायला देवानं डोळे दिले नसते तर बरं झालं असतं. नऊ घरच्या सुगृहिणी, काठापदराच्या साड्या नेसलेल्या, हातात ताकाचं पातेलं घेऊन ओळीनं संडासात शिरल्या आणि ताक, गूळ, शिवाय नैवेद्याला लावलेलं दहीसुद्धा भांड्यात ओतून आल्या. स्मिताताईंनी तर ओतताना डोळे मिटून घेतले होते. फेसात काडीचा फरक पडला नाही. वासात मात्र आंबूसपणाची भर पडली.

शेवटी ठरलं की टाकीचं झाकण उघडून आत बघायचं. झाकण वीतभर मातीखाली होतं. अंकलनी कुदळ उचलली आणि सुमित्राकाकू धावत येऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"आज नागपंचमी! आज जमिनीला कुदळ लावायची नाही. नांगर नाही, सुरी नाही, तवा नाही. आणि मनोहर, तू कुदळ मारणार? लेकीबाळीचा बाप ना तू?"

आता हे त्या म्हाताऱ्या चिनी माणसाला कोण आणि कसं समजावणार, असा सगळ्यांना प्रश्न पडला. अवनीनं समजावलं. अंकलनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि कुदळ खाली ठेवली. त्यांच्या चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता. पितरं फिरतात त्या महिन्यात म्हणे जमीन उकरायला तेही कचरतात. "टुमॉरो," ते म्हणाले. काकूंनी हात जोडले, त्यांनीही जोडले, आणि दोन धर्मांचा मिलाफ होऊन टाकी आणखी एक दिवस सडत राहिली. आजूबाजूच्या शेतांवर टॉयलेट मागत फिरणाऱ्या चाळीस मराठी माणसांचं त्या दिवशी काय झालं, ते मी सांगणार नाही. मलाही लाज आहे.

सोमवारी सकाळी झाकण उघडलं.

चांगल्या टाकीतलं पाणी चॉकलेटी असतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हे मनोहररावांना पक्कं माहीत होतं, कारण बोटीवरही अशीच टाकी असते आणि त्यांनी ते किती कॅडेटना शिकवलं होतं. यातले जंतूच घाण खातात, पोरांनो, त्यांना जपा. इथं मात्र खाली राखाडी पांढरं पाणी होतं. निर्जीव. नाकात झोंबणारा वास. मनोहररावांनी तो वास घेतला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

ब्लीच.

अहो, बोटीवरच्या प्रत्येक संडासात याच माणसानं स्वतःच्या सहीनं सूचना लावली होती: ब्लीच वापरू नये, जंतू मरतात. याच माणसानं एकदा एका खलाशाला अर्धी बाटली ब्लीच ओतल्याबद्दल सगळ्या बोटीसमोर असा झापला होता की तो बिचारा सुएझ येईपर्यंत जेवला नव्हता. अर्धी बाटली! आणि इथं अठरा. घर म्हटलं, सण म्हटलं, बायकोचा 'अहो' ऐकला आणि बावीस वर्षांची विद्या एका पिवळ्या वर्तुळात वाहून गेली. तीस वर्षांच्या टाकीतला जीव न् जीव त्यांनी स्वतःच्या गाडीतून आणलेल्या बाटल्यांनी मारला होता.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

"जुनी... जुनी आहे टाकी," मनोहरराव म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं ते सांगायला मला जड जातं. ते कचऱ्याच्या पिंपापाशी गेले, रिकाम्या अठरा बाटल्यांवर वर्तमानपत्र टाकलं आणि पिंप ढकलत नऊ नंबरच्या मागं नेऊन ठेवलं. चांदोरकरांच्या घराण्यात असं कुणी केलं नव्हतं.

इकडे निशिकांत गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी सकाळपासून लॅपटॉप उघडला होता. टाकीची दुरवस्था, देखभालीचा अभाव, पाहुण्यांचे हाल, अशा बावीस स्लाइड झाल्या. "म्हाताऱ्याला सोडायचं नाही," ते म्हणाले. "ऑफिसर येऊ दे."

तीन वाजता ऑफिसर आल्या. नूरैनी नावाच्या, हिजाब बांधलेल्या, शांत बाई. हातात फाइल आणि पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्यांची पेटी. त्यांनी चर बघितला, मासे बघितले, टाकीत डोकावल्या. निशिकांतच्या बावीस स्लाइडही उभ्यानं बघितल्या. मग त्या आंग अंकलकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, की असं पाणी चरात सोडता येणार नाही, महिनाअखेर लायसन्स संपतं आहे आणि या परिस्थितीत नवं देता येणार नाही.

अंकल बूट जुळवून उभे होते. "टँक ओल्ड," ते म्हणाले. "आय ऑल्सो ओल्ड. माय फॉल्ट." मग म्हणाले, बेडोकला मुलगी आहे, चौदाव्या मजल्यावर. तिच्याकडे जाईन. जमिनीवर झोपायची सवय आहे, ती आता मोडावी लागेल.

बाईंनी विचारलं, पाहुण्यांनी टाकीत काही टाकलं का? अंकलनी मान ठामपणे हलवली. "नो, नो. दे गुड पीपल. व्हेरी क्लीन पीपल."

झालं! मनोहररावांच्या काळजाला भोक पडलं. शिव्या दिल्या असत्या तरी पचल्या असत्या. ते तरातरा नऊ नंबरच्या मागं गेले, पिंप ओढत आणलं आणि बाईंच्या पायाशी उलटं केलं. अठरा निळ्या बाटल्या हिरवळीवर गडगडल्या.

"मी," ते म्हणाले. "मी आणल्या. मी ओतायला लावल्या. यांनी नको म्हणून सांगितलं होतं. टाकी चांगली होती. मी मारली."

निशिकांतनी लॅपटॉप हळूच मिटला. मग स्मिताताई पुढं झाल्या. "एक नंबर मी घासला," त्या म्हणाल्या. सुमित्राकाकू म्हणाल्या, "दोन मी." आणि मग एकेक बाई पुढं येऊन आपापला नंबर सांगू लागली. एरवी हळदीकुंकवालासुद्धा एवढी चढाओढ नसते. शेवटी मीनलनंही "सात," असं म्हटलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

नूरैनीबाई लिहायला लागल्या. नाव? चांदोरकर, मनोहर. वय? सत्तेचाळीस. व्यवसाय?

मनोहररावांनी आभाळाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. जमीन काही दुभंगेना.

"मरीन इंजिनिअर," ते पुटपुटले.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून मनोहररावांकडे बघितलं, बाटल्यांकडे बघितलं, पुन्हा मनोहररावांकडे बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मनोहरराव आजही म्हणतात.

पण बाई न्यायाच्या होत्या. पाण्यात ब्लीच आहे का हे त्यांनी कागदाची पट्टी बुडवून बघितलं, आणि म्हणाल्या, ठीक आहे, अकरा दिवस देते. शुक्रवारी, एकोणीस तारखेला पुन्हा येईन. तोवर पाणी शुद्ध यायला लागलं तर लायसन्सचा विचार होईल. नाही आलं तर मात्र नाही. तोवर रात्रीचे पाहुणे ठेवायचे नाहीत, चराचा पाइप बंद, त्यात थेंब सोडायचा नाही.

मेलेलं पाणी उपसायला टँकर आला आणि पुढचे दिवस जादा पाणीही तोच नेणार होता. शेजारच्या भाजीच्या शेतावर तशीच टाकी होती. तिथून जिवंत गाळ आणून विरजण लावावं तसा या टाकीत घालायचा होता. मनोहररावांनी तो वाहिला. श्रावणी सोमवार, पोटात साबुदाणा, आणि दोन्ही हातांत गाळाच्या बादल्या. बावीस खेपा केल्या त्यांनी. वाटेत निशिकांत भेटले, त्यांनीही एक बादली उचलली. चार पावलांवर ते ओकले, पण बादली सोडली नाही.

आणि मग तो भयंकर प्रश्न उभा राहिला. अंकलनीच तो मांडला. "बॅक्टेरिया कम ऑलरेडी," ते टाकीकडे बोट दाखवत म्हणाले. "बट नो गेस्ट. दे ईट वॉट?"

मनोहररावांना समजलं आणि ते घामाघूम झाले. पाहुणे नाहीत म्हणजे संडासात कुणी जाणार नाही. कुणी गेलं नाही तर जंतू उपाशी मरणार. त्यांना जगवायचं तर रोज, नेमानं, निदान तीसएक माणसांनी बुकित बातोकहून क्रांजीला यायला हवं होतं. देवदर्शनाला नव्हे हो. कशाला ते मी बोलणार नाही.

मंगळागौर तिथंच झाली. "जितक्या जास्त बायका येतील तितक्या बोलवा," मनोहररावांनी स्वतः फोन केले. हार्बरफ्रंट, बेडोक, जिथं जिथं ओळख होती तिथून बायका आल्या. त्यांना वाटलं, चांदोरकरांना केवढी हौस! पहाटेपासून झिम्मा, फुगडी, उखाणे, आणि दर अर्ध्या तासाला स्मिताताई येऊन गोड आवाजात विचारत, "कुणाला जायचंय का? संकोच करू नका." मटकीची उसळ तिप्पट केली होती. मुद्दामच.

पण बुधवारपासून खरी परीक्षा. निशिकांतनी प्रायश्चित्त म्हणून एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं: सकाळी साडेसहा ते आठ दोन गाड्या, संध्याकाळी तीन गाड्या. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये बसून मनोहरराव फोनवर अजिजीनं बोलत. "काका, आज झालं का घरी? नाही? नका जाऊ, थांबा, मी गाडी पाठवतो!" बाहेर एक मराठी सेकंड इंजिनिअर सही घ्यायला उभा होता. तो तसाच परत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "सर, सगळं ठीक आहे ना घरी?" मनोहररावांच्या बावीस वर्षांच्या दराऱ्याचा त्या दिवशी चुराडा झाला. पण ते हटले नाहीत. ज्यांच्याशी आजवर फक्त शेअर बाजारावर बोलणं झालं होतं त्या सभ्य गृहस्थांना ते पहाटे सहाला विचारत होते, "येताय ना?" नारळी पौर्णिमेला माणसं कमी पडली तेव्हा त्यांनी फुकट नारळी भाताचं आमिष दाखवलं. लोक आले, जेवले, आणि जेवून लगेच निघाले तेव्हा त्यांनी दारात आडवे हात केले. "असं कसं? थोडं थांबा की!"

सातव्या दिवशी टाकीतलं पाणी तपकिरी झालं. नवव्या दिवशी मनोहररावांनी झाकण उचललं, वास घेतला आणि स्मिताताईंना हाक मारली. "बघ, बघ! मातीचा वास!" एकोणीस वर्षांत बायकोला त्यांनी असल्या गोष्टीसाठी कधी बोलावलं नव्हतं. स्मिताताई आल्या, वाकल्या आणि खरंच म्हणाल्या, "हो की." आंग अंकल उकिडवे बसून टाकीत बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शुक्रवारी तीन वाजता नूरैनीबाई आल्या. बाकी सगळे ऑफिसात होते. मनोहरराव रजा टाकून बूट घालून उभे होते. शिपिंगच्या परीक्षांनाही ते असे उभे राहिले नव्हते. बाईंनी चराचा बंद पाइप उघडायला लावला, त्याच्या तोंडाशी काचेची बाटली धरली, भरली, उन्हात उंच केली. पाणी नितळ होतं. बाईंनी दुसरी बाटली भरली. तीही नितळ. पट्टी बुडवली, आकडा लिहिला, वास घेतला, आणि पहिल्यांदाच हसल्या. पास.

मग त्या म्हणाल्या, फॉर्मवर एक रकाना आहे, हे अकरा दिवस ही यंत्रणा कुणी चालवली त्याचं नाव हवं.

आंग अंकलनी मनोहररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "हिम," ते म्हणाले. "माय चीफ इंजिनिअर."

मोठमोठ्या बोटींवर लोकांनी मनोहररावांना याच नावानं हाक मारली होती, पण ती त्यांना अशी कधीच लागली नव्हती. त्यांनी वाकून सही केली. हे सगळं चालू असताना अचानक चार नंबरच्या कॅरॅव्हॅनच्या बारक्या खिडकीतून हेमचंद्रकाकांचा थकलेला आवाज आला.

"मनोहर! अरे, दुपारी बाराला बसवलंस. आता तरी उठू का? पायाला मुंग्या आल्या रे!"

"उठा काका, उठा!" मनोहरराव डोळे पुसत ओरडले. "पास झालो आपण!"

आतून फ्लशचा दणदणीत आवाज आला आणि आंग अंकलनी टाळ्या वाजवल्या.